येऊ घातलेल्या कादंबरीतला एक प्रसंग, आणि तो कसा बांधला त्याबद्दल

कोरी वही

नवी कादंबरी प्रकाशकांकडे गेली आहे. नावावर आमचं अजून एकमत नाही, म्हणून ते सांगत नाही. गोष्ट एका घड्याळजीची आणि त्याच्या मुलीची. त्याला काचबिंदू झालाय, समोरचं नीट दिसतं पण कडेचं दिसेनासं झालंय, आणि त्याने घरात कुणालाही पत्ता लागू दिलेला नाही. मुलीला, म्हणजे नंदाला, दूरच्या शहरात नोकरी लागली आहे. रुजू होण्याचं पत्र पर्समध्ये आहे आणि तिनेही ते कुणाला सांगितलेलं नाही. वाचकाला मात्र दोन्ही गोष्टी आधीच्या प्रकरणांतून ठाऊक आहेत. हे ध्यानात ठेवून पुढचा तुकडा वाचा.

दार लोटलेलंच होतं. नंदा आत आली तेव्हा बाबा टेबलावर वाकले होते. उजव्या डोळ्याला भिंग, चिमट्याच्या टोकाला हेअरस्प्रिंग. ती त्यांच्या डाव्या हाताला येऊन उभी राहिली. काम चालू असताना बोलायचं नाही, हा नियम ती चालायला लागली तेव्हापासूनचा.

स्प्रिंग बसली. बॅलन्स व्हील एकदा थरथरलं आणि फिरायला लागलं. बाबांनी भिंग काढलं, खुर्ची मागे सारली. डावं कोपर स्क्रूंच्या डबीला लागलं आणि डबी खाली गेली. नंदा पटकन वाकली तसे ते दचकले.

"अगं, बस की. केव्हाची उभी आहेस ते बघतोय मी."

"झालंच. हे वेचते आधी."

"राहू दे. झाडून घेईन."

"हरवतील."

"हरवू देत. दुसरे आहेत."

एका स्क्रूपायी अख्खी दुपार दुकान बंद ठेवलेला माणूस हे म्हणत होता.

नंदाने मान वर केली नाही. फरशीवरून तळहात फिरवत राहिली. "डोळे दाखवलेत का एवढ्यात?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय?"

"सहज विचारलं."

"तुझ्या मुलाखतीचं काय झालं?"

"कळवतो म्हणालेत."

"म्हणजे नाही."

"कळवतो म्हणजे कळवतो, बाबा."

तिने स्क्रू त्यांच्या तळहातावर ओतले. त्यांनी ते बोटाने एकेक सरकवले.

"अकरा. बारावा तुझ्या टाचेपाशी."

तिने वळून पाहिलं. होता. तिळाहून बारीक, फरशीच्या सांध्यात, दिव्याच्या उजेडात चमकत. तिने तो उचलून त्यांच्या हातावर ठेवला, आणि पर्सची चेन उघडली.

प्रकरण इथेच संपतं.

लिहायला बसण्याआधी मी एका कागदावर मोजकंच लिहून ठेवते. कोणाला काय माहीत आहे, कोण काय लपवतंय, आणि लपवणाऱ्याच्या हातात त्या वेळी काय आहे. तिसरी गोष्ट किरकोळ वाटेल, पण माझी सगळी भिस्त तिच्यावर असते. रिकाम्या हाताची माणसं भराभर खरं बोलून टाकतात, किंवा मग खिडकीबाहेर बघत बसतात. दोन्हीचा मला कंटाळा आहे. हातात काम असलं की माणूस त्या कामाआडून बोलतो.

संवाद सगळ्यात शेवटी येतात. आधी मी टेबल, दार, दिवा आणि खुर्ची यांचा नकाशा काढते. नंदा उजवीकडे उभी राहिली असती तर हा प्रसंग घडलाच नसता.

तुम्ही प्रसंग कसे लिहिता? आणि यात काय खटकलं तेही सांगा.

पानगळ

वाचतेय. "केव्हाची उभी आहेस ते बघतोय मी" हे वाक्य फार आवडलं. ठार खोटं, आणि आवाज मात्र तक्रारीचा!

मधली सुट्टी

प्रसंग छान जमलाय. पण एक शंका. काचबिंदूचं वाचकाला आधीच का सांगून टाकलं? इथे डबी पडते तेव्हाच पहिल्यांदा कळलं असतं तर केवढा धक्का बसला असता.

कोरी वही

@मधली सुट्टी, धक्का बसला असता, पण तेवढ्यापुरताच. याचं सगळ्यात सोपं उत्तर आल्फ्रेड हिचकॉकने दिलंय. १९६२ साली फ्रान्स्वा त्रूफोने त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली, त्यात हा मुद्दा आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे, प्रेक्षकाला पत्ता नाही, बॉम्ब फुटतो, तर पंधरा सेकंदांचं आश्चर्य. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला, तर टेबलावरच्या साध्यासुध्या गप्पासुद्धा पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात.

माझ्या प्रसंगात बॉम्ब वगैरे नाही. पण "बारावा तुझ्या टाचेपाशी" हे वाक्य काचबिंदू माहीत नसलेल्या वाचकाला कसं वाटेल? म्हातारा हुशार आहे, एवढंच. माहीत असलेल्याला कळतं की तो वाचला. आणि लगेच पुढच्या ओळीत कळतं की हे वाचणं त्याला महागात पडणार आहे.

पानगळ

थांबा. म्हणजे तिने पर्स उघडली ती पत्र दाखवायला! त्याला स्क्रू दिसला, म्हणजे डोळे ठणठणीत, म्हणजे आता आपण जायला मोकळ्या, असा तिचा हिशोब. त्याने लपवण्यात यश मिळवलं आणि त्याच यशामुळे मुलगी निघाली. मी पहिल्या वाचनात "पर्समधून रुमाल काढला असेल" म्हणून पुढे गेले होते.

कोरी वही

@पानगळ, अगदी हेच. तुम्हाला दुसऱ्या वाचनात लागलं हे मला चालतं. पुस्तकात पुढचं प्रकरण पत्रापासूनच सुरू होतं, त्यामुळे रुमालवाल्या वाचकांचीही सोय आहे. :)

खोडरबर

नेत्रविभागात नोकरी करतो, म्हणून दोन गोष्टी. मध्ये नीट दिसणं आणि कडेचं जाणं, हे बरोबर. त्या रुग्णाला वाचता येतं, सुईत दोरा ओवता येतो, आणि दाराच्या चौकटीवर खांदा आपटतो. स्क्रू दिसणं अगदी शक्य आहे. लोकांना वाटतं काचबिंदूत सभोवती काळं वर्तुळ दिसतं. तसं नसतं. जे दिसत नाही ते दिसत नाहीये हेच बराच काळ कळत नाही, कारण एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो आणि उरलेलं मेंदू जुळवून घेतो. म्हणून तर लोक उशिरा येतात. आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब आणि शस्त्रक्रिया या फक्त उरलेली टिकवायला.

आता आक्षेप. साधारणपणे आधी नाकाकडची बाजू जाते. कानाकडची बाजू पुष्कळदा शेवटपर्यंत तग धरते. नंदा डावीकडे उभी आहे, म्हणजे डाव्या डोळ्याच्या कानाकडच्या बाजूला. तिथली नजर एवढी गेली असेल तर तो डोळा फारच पुढच्या टप्प्यावर हवा.

कोरी वही

@खोडरबर, अशा वाचकासाठीच हा तुकडा इथे टाकला! डावा डोळा जवळजवळ गेलेलाच आहे. पहिल्या प्रकरणात तो भिंग डाव्या डोळ्याला लावतो. या प्रसंगात उजव्या डोळ्याला. मधे कुठेही मी त्यावर एक शब्द लिहिलेला नाही. उजव्या डोळ्याला डावीकडचं नाकाच्या आडून दिसणार, तेही साठेक अंशांपर्यंतच, आणि त्याच्या त्या डोळ्याचीही नाकाकडची बाजू आता कमी झाली आहे. म्हणून तिला डाव्या हाताला, जरा मागे उभं केलं.

खोडरबर

मग हरकत नाही. भिंगाचा डोळा बदलणं भारी आहे. पण हे कुणाच्याही लक्षात येणार नाही हो.

कोरी वही

नाही आलं तरी चालेल. ते नंदाच्याही लक्षात येत नाही. शेवटाकडे येतं, तेव्हा पहिलं प्रकरण उघडून बघणारे दोघे-चौघे मिळाले तरी पुरे.

शेवटचा बाक

मला वेगळंच विचारायचंय. त्याला काचबिंदूचं निदान होतं तो डॉक्टरांकडचा प्रसंग कसा लिहिलात? तो वाचायला जास्त आवडला असता. तिथे तर केवढं नाट्य!

कोरी वही

@शेवटचा बाक, तो लिहिलाच नाही. अर्ध्या पानाचं निवेदन आहे. डॉक्टर सांगतात, तो ऐकतो, थेंबांची चिठ्ठी घेऊन बाहेर पडतो. तिथे कुणीच कुणापासून काही लपवत नाहीये. डॉक्टरांना जे माहीत आहे ते ते सांगून मोकळे होतात. बातमी मोठी आहे, पण एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात जाण्यापलीकडे तिथे काही घडत नाही. नाट्य घरी आल्यावर सुरू होतं, बायको "काय म्हणाले डॉक्टर?" विचारते तेव्हा. त्याला मी सहा पानं दिली आहेत.

नेपथ्य

नाटकवाला आहे, राहवत नाही म्हणून लिहितो. हा विचार आपल्याकडे फार जुना आहे. कोणती गोष्ट रंगमंचावर घडवायची आणि कोणती नुसती सूचित करायची, याचं संस्कृत नाट्यशास्त्रात पक्कं गणित होतं. धनंजयाच्या 'दशरूपका'त, म्हणजे दहाव्या शतकात, सूचित करण्याचे पाच प्रकार दिलेत. विष्कंभक, प्रवेशक, चूलिका, अंकास्य आणि अंकावतार. दोन अंकांच्या मधे दुय्यम पात्रं येऊन बोलतात आणि मधल्या काळात काय घडलं ते प्रेक्षकाला कळतं, ते विष्कंभक आणि प्रवेशक. पडद्याआडून आवाज येतो ती चूलिका. लांबचा प्रवास, युद्ध, वध, भोजन, स्नान या गोष्टी प्रत्यक्ष दाखवू नयेत अशी यादीच आहे. त्यातला काही भाग औचित्याचा, काही सोयीचा. मला त्यातला लांबचा प्रवास सगळ्यात पटतो. आजच्या कादंबऱ्यांतली निम्मी पानं माणसं कुठून तरी कुठे तरी जाण्यात खर्च होतात.

कोरी वही

@नेपथ्य, वा! यातली चूलिका मला कायम भुरळ घालते. दुसऱ्या खोलीतून येणारा आवाज. पात्र समोर आणायचं नाही, नुसतं ऐकवायचं. बायकोच्या त्या सहा पानांत ती पहिली दोन पानं स्वयंपाकघरातून बोलते आहे. तिचा चेहरा दिसत नाही तोवर घड्याळजीला खोटं बोलणं सोपं जातं. ती बाहेर येते आणि मग त्याची पंचाईत होते.

प्रवासाचं शंभर टक्के मान्य.

जुना वाचक

सगळ्यांच्या कौतुकात मिठाचा खडा टाकतो. प्रसंग बांधेसूद आहे, पण हे सिनेमाचं लेखन आहे. दार, दिवा, खुर्ची, हातातलं काम, शेवटी पर्सची चेन. कॅमेरा लावला की झालं. कादंबरीला कॅमेऱ्यापेक्षा मोठी गोष्ट येते. ती माणसाच्या डोक्यात शिरू शकते, वीस वर्षं मागे जाऊन एका वाक्यात परत येऊ शकते, निवेदक स्वतः बोलू शकतो. हल्ली "दाखवा, सांगू नका" या एका मंत्रापायी सगळ्यांनी निवेदकाच्या तोंडाला कुलूप लावलंय. तुमच्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती.

मधली सुट्टी

मला नेमकं उलटं वाटतं. मी म्हणते, "एका स्क्रूपायी अख्खी दुपार दुकान बंद ठेवलेला माणूस हे म्हणत होता" ही ओळ काढा. तिथेच लेखिका मधे येऊन कोपराने ढोसते, की बघा, लक्षात आलं ना? "हरवू देत. दुसरे आहेत" यातच सगळं आलंय.

पानगळ

+१. ती ओळ नसती तर जास्त टोचलं असतं.

कोरी वही

@जुना वाचक आणि @मधली सुट्टी, तुमची गाठ घालून दिली तर माझं काम होईल. एकाला निवेदक हवा आहे, दुसरीला तो दिसला की त्रास होतो.

ती ओळ मी ठेवणार आहे. एक कारण असं की स्क्रू हरवला म्हणून दुकान बंद ठेवल्याची हकीकत आधी कुठेही आलेली नाही. ती काढली तर "हरवू देत" हे एका बेफिकीर म्हाताऱ्याचं वाक्य होतं. त्याला इथे खोटं बोलावं लागतंय हे कळायला त्याचा एरवीचा स्वभाव माहीत हवा. तो सांगायला वेगळा प्रसंग लिहिला असता तर चार पानं गेली असती. इथे एक ओळ लागली. निवेदनाची ताकद ही अशी, आणि इथे मी जुन्या वाचकांच्या बाजूची आहे. "दाखवा, सांगू नका" हे नवशिक्याला सांगायला ठीक आहे, कारण तो सगळंच सांगत सुटतो. पण दाखवणं खर्चिक असतं. प्रत्येक गोष्ट दाखवायची म्हटली तर एका दुपारची कादंबरी हजार पानांची होईल.

आणि ती ओळ कुणाच्या डोक्यातली आहे? नंदाच्या. लगेच पुढे ती डोळ्यांबद्दल विचारते. ओळ काढली तर तो प्रश्न आभाळातून पडल्यासारखा वाटेल.

मधली सुट्टी

मग ती नंदाच्या शब्दांत लिहा ना. "दुकान बंद ठेवलेला माणूस" हे कुणीतरी तिऱ्हाईत बोलतंय. मुलगी बापाला "माणूस" म्हणत नाही.

कोरी वही

हं. याचा विचार करते.

शेवटचा बाक

तुम्ही बोलताच आहात तर माझाही एक तुकडा टाकतो. बिनधास्त चिरफाड करा. दोन भाऊ, बारा वर्षं अबोला. घर विकायचंय म्हणून धाकटा येतो.

"रोहन बसमधून उतरला. संध्याकाळ झाली होती. वारा गार होता. जुन्या आठवणी त्याच्या मनात दाटून आल्या. किती बदललं होतं सगळं! तो हळूहळू चालत घरापाशी आला. त्याची छाती धडधडत होती. त्याने दार वाजवलं. दार उघडलं. समोर दादा उभा होता. दोघंही काही क्षण एकमेकांकडे बघत राहिले. 'ये,' दादा म्हणाला."

नेपथ्य

लांबचा प्रवास, लांबचा प्रवास! :)

कोरी वही

@शेवटचा बाक, "ये" हा एकच शब्द चांगला आहे, आणि तिथे पोहोचायला तुम्ही वाचकाला बरंच चालवलंत. बस, वारा, आठवणी हे सगळं तुम्ही स्वतःला त्या घरात नेण्यासाठी लिहिलंय. खर्ड्यात असू द्या, मीही लिहिते. पक्क्या प्रतीत नको.

मी काही विचारते, उत्तरं इथे नका देऊ, कागदावर द्या. थोरल्याला हा येणार हे माहीत होतं का? धाकट्याला घराची किंमत माहीत आहे का, आणि थोरल्याला वाटतं तेवढीच ती आहे का? दार कुणी तिसऱ्यानेच उघडलं तर? बारा वर्षांत थोरल्याला मूल झालं असेल. त्या मुलाला "हा कोण" हे माहीत नसेल. मग ज्याला काहीच माहीत नाही असा एकजण दारात आणि सगळं माहीत असलेला आतल्या खोलीत. आता "ये" कोण म्हणतं, आणि कुठून?

"छाती धडधडत होती" हे मात्र काढाच. कोणाचीही, कुठेही, कशानेही धडधडते ती.

शेवटचा बाक

रात्री बसलो होतो. हे बघा:

"दार एका मुलीने उघडलं. आठ-नऊ वर्षांची असेल. हातात ओलं फडकं.

'बाबा, कुणीतरी आलंय.'

'कोण?'

मुलीने रोहनकडे पाहिलं. रोहनला काय सांगावं ते सुचेना.

'घर बघायला आलोय,' तो म्हणाला.

आतून बराच वेळ काही आवाज आला नाही.

'त्यांना म्हणावं, चपला बाहेर काढा.'"

पानगळ

अरे!! थोरल्याने आवाज ओळखला ना? अंगावर काटा आला.

खोडरबर

"घर बघायला आलोय" खरंही आहे आणि खोटंही. फर्मास. ते ओलं फडकं कशाला?

शेवटचा बाक

तिच्या हातात काहीतरी हवं म्हणून दिलं. वर तसं म्हटलंय ना.

कोरी वही

@शेवटचा बाक, प्रसंग उभा राहिला. अभिनंदन. फडक्याचं खोडरबर म्हणतात ते बरोबर आहे, सध्या ते नुसतं धरायला दिलेलं आहे. ती काय पुसत होती ते ठरवा. घर दाखवायचं म्हणून सकाळपासून पुसापुशी चालली असेल, तर थोरला गिऱ्हाइकाची वाट बघतोय आणि दारात भाऊ आलाय. मग "चपला बाहेर काढा" या वाक्याला आणखी धार येते. "रोहनला काय सांगावं ते सुचेना" हे उडवलंत तरी चालेल.

जुना वाचक

तुकडा चांगला आहे, नाकारत नाही. पण बघा, पुन्हा तेच झालं. सगळी माणसं दारात उभी राहून तुटक बोलताहेत आणि आपण त्यांच्या पोटातलं ओळखायचं. असे दोनशे प्रसंग एकापुढे एक ठेवले की वाचक दमतो. कधीतरी एखाद्या पात्राला जे वाटतं ते दोन पानं सलग, नीट, न लपवता का सांगू नये? आणि ज्यात कुणालाच काही नको आहे असा प्रसंग लिहायचाच नाही का? माणसं गच्चीवर नुसती बसलेली आहेत, एवढाच?

कोरी वही

@जुना वाचक, लिहावा की. माझ्या पुस्तकात तसा एक आहे. घड्याळजी आणि त्याचा दुकानातला पोऱ्या वीज गेल्यावर अंधारात बसून राहतात. कुणीच काही लपवत नाही, कारण अंधारात दोघांना सारखंच दिसतंय. मला लिहायला तोच सगळ्यात अवघड गेला, आणि संपादकांनी पहिल्यांदा त्यालाच कात्री लावली होती. मी तो परत घातला. तो कुठे ठेवायचा यावर मात्र सगळं अवलंबून आहे. आधीच्या शंभर पानांत माणसं दडपून बोलत असली तरच अशा बसण्याला वजन येतं. पहिल्याच प्रकरणात ठेवला असता तर वाचकाने पुस्तक मिटलं असतं.

दोन पानं सलग मन उघडं करण्याबद्दल, तेही आहे, पण नंदाच्या पत्रात. पत्रात माणूस समोर नसतो, त्यामुळे तिला बोलता येतं.

मधली सुट्टी

तो अंधारातला प्रसंग टाका ना इथे. आणि ओळीचं काय ठरलं?

कोरी वही

अंधारातला नाही टाकत, तो पुस्तकातच वाचा. ओळ अशी केली आहे, मुद्रितं हातात आहेत तोवर बदलता येतंय: "एका स्क्रूपायी बाबांनी अख्खी दुपार दुकान बंद ठेवलं होतं."

मधली सुट्टी

आता बरी आहे. तरी काढाच.

जुना वाचक

मुळीच काढू नका. उलट त्या दुपारबद्दल आणखी दोन ओळी लिहा.